तेहतिसावे घर आणि आणखी एक दाणा

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट वर्गात कधीच सांगितली नाही, असा गणिताचा शिक्षक विरळाच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट दाणे ठेवत गेले की राजाचे कोठार रिकामे होते. गोष्ट सांगताना आपण बहुधा थेट चौसष्टाव्या घरापर्यंत धाव घेतो. या लेखात मात्र आपण अर्ध्यावरच थांबणार आहोत. अर्धा पट, म्हणजे ३२ घरे भरून झाली की तेहतिसाव्या घरात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतके दाणे ठेवावे लागतात. त्यात आणखी एक दाणा टाकू या. आता आपल्यापुढे ही संख्या आली :

४,२९,४९,६७,२९७

वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही मूळ संख्या आहे की संयुक्त? प्रश्न साधा आहे. तो समजायला सातवीचे गणित पुरते. पण १६४० साली एका थोर गणितज्ञाने त्याचे उत्तर चुकीचे दिले, आणि ती चूक उघड व्हायला ९२ वर्षे लागली. ती कशी उघड झाली हे पाहताना संख्याशास्त्रातील काही सुंदर गोष्टी आपल्या हाती लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा फळ्यावर करून दाखवता येतात.

(लेखात पुढे २^५ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ २ चा ५ वा घात, म्हणजे ३२, असा घ्यावा.)

फर्माचा अंदाज

२ चा एखादा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. येणारी संख्या मूळ केव्हा असेल? घातांकाला १ खेरीज दुसरा एखादा विषम विभाजक असेल, तर आशा सोडून द्यावी. उदाहरणार्थ २^१२ + १ घ्या. १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून ही संख्या १६^३ + १ अशी लिहिता येते. नववीत शिकलेल्या घनांच्या बेरजेच्या सूत्रानुसार तिला १६ + १, म्हणजे १७ ने भाग गेलाच पाहिजे. आणि खरोखरच ४०९७ = १७ × २४१. हीच युक्ती प्रत्येक विषम विभाजकाला लागू पडते. म्हणून घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा, म्हणजे स्वतःच २ चा घात असेल, तरच संख्या मूळ असण्याची शक्यता उरते. अशा संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात. त्यांना आपण फ(०), फ(१), फ(२) अशी नावे देऊ :

फ(०) = २^१ + १ = ३
फ(१) = २^२ + १ = ५
फ(२) = २^४ + १ = १७
फ(३) = २^८ + १ = २५७
फ(४) = २^१६ + १ = ६५,५३७
फ(५) = २^३२ + १ = ४,२९,४९,६७,२९७

यातल्या पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. पिएर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेचा सदस्य. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. १६४० मध्ये त्याने पत्रातून असे मत मांडले की, या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता मात्र त्याच्याजवळ नव्हती. १६५४ मध्ये पास्कालला लिहिलेल्या पत्रात त्याने हे विधान पुन्हा केले आणि पूर्ण सिद्धता अजून सापडलेली नाही, हेही मोकळेपणाने सांगितले.

पाच उदाहरणे तपासली, पाचही खरी निघाली. आपले विद्यार्थीही नेमके असेच करतात. दोन-तीन संख्या घालून पाहतात, सूत्र जुळते, आणि 'म्हणून सिद्ध झाले' असे लिहून मोकळे होतात. सहाव्या संख्येची गोष्ट म्हणूनच त्यांना सांगण्यासारखी आहे.

भाग घालून पाहायला काय हरकत होती?

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते. आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ पेक्षा किंचितच मोठे आहे. ६५,५३६ पर्यंत एकूण ६,५४२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला हाताने साडेसहा हजार वेळा भागायचे, आणि एकही भागाकार चुकू द्यायचा नाही, हे काम कोणालाही नको वाटेल.

गंमत अशी की, प्रत्यक्षात एवढे कष्ट लागलेच नसते. ३, ५, ७ असे क्रमाने भागत गेले असते, तर ६४१ पाशी बाकी शून्य आली असती, आणि ६४१ ही २ पासून मोजल्यास ११६ वी मूळ संख्या आहे. पण काम कुठे संपणार हे आधी कोणाला ठाऊक असते?

हे कोडे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत काम करणाऱ्या लेओनार्ड ऑयलरने सोडवले. १७२९ मध्ये गोल्डबाखने एका पत्राच्या ताजा कलमात त्याला फर्माच्या या विधानाबद्दल विचारले होते. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

विधान कोसळले. ६४१ च का सुचली, याचे कारणही ऑयलरने पुढे प्रसिद्ध केले. ते कारण या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

बाक्यांचे चक्र

आधी एक छोटे उदाहरण घेऊ. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ या २ च्या घातांना १७ ने भागा. बाक्या अनुक्रमे २, ४, ८, १६, १५, १३, ९, १ अशा येतात. आठव्या पायरीला बाकी १ आली, की पुढे पुन्हा २, ४, ८... हेच चक्र सुरू होते. या चक्राची लांबी ८ आहे. म्हणून २ च्या ज्या ज्या घाताची बाकी १ येते, त्याचा घातांक ८ च्या पटीतच असतो.

आता समजा, प ही एक मूळ संख्या आहे आणि तिने २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. याचा अर्थ, प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते. (बाकी −१ म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी. बाक्यांच्या हिशेबात अशी ऋण संख्या फार सोयीची पडते.) वर्ग केला की २^६४ ची बाकी +१ येईल. म्हणून चक्राची लांबी हा ६४ चा विभाजक असला पाहिजे : १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. पण लांबी ३२ किंवा त्याहून लहान असती, तर २^३२ ची बाकी +१ आली असती, कारण ते सर्व ३२ चेही विभाजक आहेत. ती तर −१ आहे. तेव्हा लांबी ६४ च.

आता फर्माचाच एक प्रमेय मदतीला येतो. प ही २ खेरीज कोणतीही मूळ संख्या असेल, तर २ च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यास बाकी नेहमी १ येते. म्हणजेच प − १ ही चक्राच्या लांबीच्या पटीत असते. आपल्या बाबतीत लांबी ६४ आहे. म्हणून प = ६४क + १ याच रूपाची संख्या असू शकते. बाकीच्या हजारो मूळ संख्यांनी भागून पाहण्याचे कारणच उरत नाही!

हा प्रमेय फर्माने १६४० मध्येच पत्रातून कळवला होता. त्याच वर्षी अशाच विचाराने त्याने २^३७ − १ या संख्येचा २२३ हा अवयव शोधून काढला होता. म्हणजे त्याचा अंदाज खोडून काढणारे हत्यार त्याच्याच हाती तयार होते. हा प्रमेय सिद्ध करून त्याचा वापर इथे करायचे काम ऑयलरकडे आले.

पाच भागाकार

६४क + १ या रूपाच्या संख्या अशा : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यातल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवल्या, की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ उरतात. दहा अंकी भागाकार करण्याचीही गरज नाही. २^१६, म्हणजे ६५,५३६ ची बाकी काढायची, तिचा वर्ग करायचा, त्याची पुन्हा बाकी काढायची आणि १ मिळवायचा. ६४१ साठी करून पाहू :

६५,५३६ = ६४१ × १०२ + १५४
१५४ × १५४ = २३,७१६ = ६४१ × ३६ + ६४०
६४० + १ = ६४१, म्हणजे बाकी शून्य.

याच रीतीने १९३ साठी बाकी १०९ येते, २५७ साठी २, ४४९ साठी ३२५ आणि ५७७ साठी २८८. पाचव्या प्रयत्नाला काम फत्ते! वर्गात पाच गट करून प्रत्येकाला एकेक भाजक द्यावा, असे आम्ही सुचवू. एका तासिकेच्या आत फर्माचे विधान आपल्याच मुलांच्या हातून खोटे ठरते.

पुढे १८७८ मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युका याने दाखवले की, भाजक १२८क + १ याच रूपाचा असावा लागतो. त्यामुळे यादी निम्म्याने आखडते. तिच्या आधारे ६७,००,४१७ या दुसऱ्या अवयवाचीही परीक्षा घेऊ. त्याचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा कमी आहे. तेवढ्या मर्यादेत १२८क + १ या रूपाच्या मूळ संख्या पाचच आहेत : २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यांनी भागल्यास बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही. तेव्हा ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे आणि अवयव पाडण्याचे काम पूर्ण झाले.

६४१ ने भाग जातो हे एकदा कळल्यावर भागाकार न करताही ते सिद्ध करता येते. ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनी मांडा :

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागल्यास ५ × २^७ ची बाकी −१ येते. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ ची बाकी −२^४ इतकी. ती पहिल्यात घातली की −२^४ × २^२८, म्हणजे −२^३२ ची बाकी १ ठरते. अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. चार ओळींची ही सिद्धता दहावीच्या विद्यार्थ्याला सहज पेलते.

मूळ संख्येचे सोंग

या संख्येचा आणखी एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. वरचा प्रमेय सांगतो की, न ही विषम मूळ संख्या असेल तर २ च्या (न − १) व्या घाताची बाकी १ येते. याचा व्यत्यास खरा आहे का? बाकी १ आली, तर न मूळ असेलच का?

आपली संख्याच न म्हणून घेऊ. तिने भागल्यास २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची बाकी १. न − १ म्हणजे २^३२, आणि त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा २ च्या (न − १) व्या घाताची बाकीही १ च. संख्या संयुक्त, पण परीक्षेत उत्तीर्ण! अशा संख्यांना आभासी मूळ संख्या म्हणता येईल. त्यांतली सर्वांत लहान ३४१ = ११ × ३१ ही आहे. प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

२ च्या जागी ३ घेतले, की सोंग उघडे पडते. ३ पासून सुरुवात करून ३२ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. ३१ व्या वर्गानंतर बाकी १,०३,२४,३०३ येते आणि ३२ व्या नंतर ३,०२,९०,२६,१६०. संख्या मूळ असती तर शेवटी १ यायला हवा होता. म्हणजे एकही अवयव न सापडता संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले! १८७७ मध्ये पेपँ याने याच धर्तीवर सर्व फर्मा संख्यांसाठी अचूक कसोटी दिली : ३१ व्या पायरीला −१ आला तरच संख्या मूळ. (मोठ्या फर्मा संख्यांसाठी पायऱ्या अर्थातच वाढतात.) 'संयुक्त आहे' हे कळणे आणि 'अवयव कोणते' हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

शेजारची संख्या आणि गाउसचा बहुभुज

आता पटाच्या पहिल्या ३२ घरांतले सगळे दाणे एकत्र करा. बेरीज ४,२९,४९,६७,२९५ होते, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा दोनने कमी. तिचे अवयव पाडले तर :

४,२९,४९,६७,२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७

आधीच्या पाचही फर्मा संख्या हजर! हा योगायोग नाही. कोणतीही फर्मा संख्या घ्या, तिच्या आधीच्या सर्व फर्मा संख्यांचा गुणाकार तिच्यापेक्षा दोनने कमी असतो. म्हणून दोन फर्मा संख्यांना एखादा समान विभाजक असलाच, तर त्याने २ लाही भाग गेला पाहिजे. पण या संख्या तर विषम आहेत. तेव्हा १ खेरीज त्यांना सामाईक विभाजक नाही. फर्मा संख्या अनंत आहेत आणि प्रत्येकीचे मूळ अवयव वेगळे, म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. ही सिद्धता गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला कळवली होती. फर्माचा अंदाज चुकला, तरी त्या संख्यांनी असा एक मोठा सिद्धांत पदरात टाकला.

याहून अनपेक्षित संबंध भूमितीत निघाला. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसने १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती फक्त कंपास आणि पट्टीने काढता येते, हे सिद्ध केले. बाजूंची संख्या मूळ आणि विषम असेल, तर ती फर्मा संख्या असली तरच रचना शक्य होते. याची पूर्ण सिद्धता १८३७ मध्ये वांत्सेल याने दिली. मूळ फर्मा संख्या आजवर पाचच माहीत आहेत. त्यामुळे ज्ञात असलेली सर्वांत मोठी, विषम बाजूंची, रचना करता येण्याजोगी सुसम बहुभुजाकृती किती बाजूंची? नेमकी ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची! आपली संख्या मूळ असती, तर हा मान तिच्याकडे नुसता गेला नसता. दोघींच्या गुणाकाराइतक्या बाजूंची आकृतीही काढता आली असती.

पटाच्या पलीकडे

पुढची फर्मा संख्या फ(६) ही साऱ्या पटावरील दाण्यांपेक्षा दोनने अधिक आहे : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. तिचे २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ हे अवयव लाँद्री याने १८८० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. ३९ अंकी फ(७) चे अवयव मात्र संगणकाच्या साहाय्याने १९७० मध्ये पडले. फ(८) चे १९८० मध्ये, फ(११) चे १९८८ मध्ये, फ(९) चे १९९० मध्ये आणि फ(१०) चे १९९५ मध्ये. फ(१२) चे काही अवयव सापडले आहेत, पण पूर्ण फोड आजवर झालेली नाही.

फ(५) पासून फ(३२) पर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त आहेत, एवढे सिद्ध झाले आहे. त्यांतल्या फ(२०) आणि फ(२४) यांचा एकही अवयव अद्याप सापडलेला नाही. त्या संयुक्त आहेत हे फक्त पेपँच्या कसोटीने कळले. फ(३३) मूळ की संयुक्त, हे अजून कोणालाच माहीत नाही. तिच्यात सुमारे २५८ कोटी अंक आहेत. संगणक कितीही वेगवान झाला, तरी मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे अवघडच राहते. गुप्त संदेशांच्या आर.एस.ए. या १९७७ च्या पद्धतीचा भरवसा याच अवघडपणावर आहे. त्या पद्धतीत घातांक म्हणून सर्रास वापरली जाणारी संख्या ६५,५३७, म्हणजे आपली फ(४) च.

सहावी मूळ फर्मा संख्या कधी सापडेल का? बहुतेक तज्ज्ञांचे मत 'नाही' असे आहे. फ(५) नंतर जेवढ्या तपासून झाल्या, त्या सर्व संयुक्तच निघाल्या आहेत. पण सिद्धता नाही. म्हणजे १६४० मध्ये फर्मा जिथे होता, जवळजवळ तिथेच आपण आहोत. फक्त अंदाज उलट दिशेचा आहे. फर्माजवळ पाच उदाहरणे होती, आपल्याजवळ थोडी अधिक आहेत.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना करायला देता येतील असे काही प्रश्न :

१. फ(२) पासून पुढच्या प्रत्येक फर्मा संख्येच्या एकक स्थानी ७ च का येतो?

२. १७ ऐवजी ११, १३ आणि ३१ घेऊन २ च्या घातांच्या बाक्यांची चक्रे काढा. चक्राची लांबी आणि भाजकापेक्षा एकने लहान संख्या यांचा संबंध तपासा.

३. न × न + न + ४१ या सूत्रात न ऐवजी ०, १, २, ३... घाला. मूळ संख्याच मिळत राहतात. हे कुठवर चालेल? (न = ४० घालून पाहायला विसरू नका.)

तिसरे सूत्र चाळीस वेळा खरे ठरते आणि एकेचाळिसाव्या वेळी फसते. विद्यार्थ्याने 'सर, किती उदाहरणे तपासली म्हणजे पुरे?' असे विचारले, तर त्याला आधी हे सूत्र द्यावे आणि मग तेहतिसाव्या घराकडे वळावे.